चार दिवसांचे मदचक्र : अंडाशय आणि मेंदू यांचा संवाद

सस्तन प्राण्यांच्या मादीचे शरीर गर्भधारणेसाठी सदासर्वकाळ सारखेच सज्ज नसते. अंड पक्व होणे, गर्भाशयाचे अस्तर तयार होणे आणि मादीने नराचा स्वीकार करणे या तीन गोष्टी एकाच सुमारास जुळून आल्या तरच गर्भ राहू शकतो. त्या वेगवेगळ्या वेळी घडल्या, तर तिन्ही वाया जातात. ही वेळ साधून देण्याचे काम इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही अंडाशयाची दोन प्रमुख संप्रेरके करतात. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागात तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवापर्यंत पोहोचणारे आणि तिथल्या पेशींचे काम बदलणारे रसायन.

गुरे पाळणाऱ्यांना या वेळेचे महत्त्व पुस्तकाशिवायही ठाऊक असते. गाय माजावर येते ती साधारण दर २१ दिवसांनी, हा माज अर्धा-पाऊण दिवसच टिकतो आणि तेवढ्यात ती फळली नाही, तर पुन्हा तीन आठवडे वाट पाहावी लागते. माज ते माज या आवर्तनाला शास्त्रीय परिभाषेत मदचक्र म्हणतात. गाईला जे आवर्तन पुरे करायला तीन आठवडे लागतात, ते उंदराची मादी चार ते पाच दिवसांत पुरे करते आणि याच वेगामुळे गेली शंभराहून अधिक वर्षे मदचक्राचा अभ्यास प्रामुख्याने लहान सस्तन प्राण्यांवर होत आला आहे. मराठीत रॅट आणि माऊस या दोन्ही प्राण्यांना उंदीरच म्हणतात. या लेखात ‘उंदीर’ म्हणजे रॅट आणि ‘छोटा उंदीर’ म्हणजे माऊस असे समजावे.

या अभ्यासातून हाती आलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की अंडाशय हा मेंदूचे हुकूम मुकाट्याने पाळणारा अवयव नाही. अंड पिकले आहे हे अंडाशयच मेंदूला कळवतो, मेंदू त्या निरोपाला दिवसाच्या योग्य प्रहरी उत्तर देतो आणि या दोघांच्या संवादातून चक्र पुढे सरकते.

निरोप नसांतून नव्हे, रक्तातून

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अंडाशयाचा गर्भाशयावरील प्रभाव मज्जातंतूंमार्फत पोहोचत असावा, असा समज प्रचलित होता. व्हिएन्नातील वैद्य एमिल क्नाउअर यांनी सशांच्या माद्यांची अंडाशये मूळ जागेवरून काढून शरीरात अन्यत्र रोवली, तेव्हा मज्जातंतूंचा जुना संबंध तुटूनही गर्भाशय खंगले नाही. ज्या माद्यांची अंडाशये पूर्णपणे काढून टाकली जात, त्यांचे गर्भाशय मात्र आक्रसत जाई. यावरून हा प्रभाव रक्तात मिसळणाऱ्या कुठल्यातरी द्रव्याचा असला पाहिजे, हे स्पष्ट झाले. पुढे १९०३ मध्ये लुडविग फ्रँकेल यांनी गाभण सशांच्या अंडाशयातील पीतपिंड नष्ट केल्यास गर्भ टिकत नाही, असे दाखवून दिले. पीतपिंड म्हणजे अंड बाहेर पडल्यावर मागे उरलेल्या आवरणातून तयार होणारी पिवळसर गाठ; प्रोजेस्टेरॉनचा मुख्य स्रोत हीच.

याच सुमारास, १९०० मध्ये, इंग्लंडमधील वॉल्टर हीप यांनी सस्तन प्राण्यांच्या प्रजननकाळाच्या अवस्थांना नावे दिली. मराठीत त्यांना पूर्वमद, मद, उत्तरमद आणि मदांतर म्हणता येईल : माजापूर्वीची तयारी, प्रत्यक्ष माज, माज ओसरण्याचा काळ आणि दोन माजांमधली विश्रांती. अडचण अशी होती, की गाय किंवा कुत्री माजावर आल्याचे बाहेरून दिसते, तसे गिनीपिग आणि उंदीर यांच्या बाबतीत सहज दिसत नाही. त्यामुळे मादी चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे जाणण्यासाठी तिला मारून तिचे अंडाशय तपासावे लागे आणि एकदा मारलेल्या मादीचे पुढचे चक्र पाहण्याचा प्रश्नच उरत नसे.

काचपट्टीवर दिसणारे चक्र

ही कोंडी न्यूयॉर्कमधील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात फुटली. तिथे काम करणाऱ्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांना गिनीपिगची अंडी नेमक्या वयाची हवी होती. त्यांनी नाक तपासण्याचे छोटे उपकरण वापरून गिनीपिगच्या योनिमार्गातील स्राव घेतला, तो काचपट्टीवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्या पातळ लेपातील पेशींचे रूप ठरावीक क्रमाने बदलते, हे चार्ल्स स्टॉकार्ड यांच्यासह त्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. १९२२ मध्ये जोसेफ लाँग आणि हर्बर्ट इव्हान्स यांनी कॅलिफोर्नियात याच पद्धतीने उंदराचे मदचक्र तपशीलवार मांडले, तर त्याच वर्षी एडगर ॲलन यांनी छोट्या उंदराचे मदचक्र प्रसिद्ध केले.

ही तपासणी आजही जवळजवळ तशीच होते. बारीक नळीने मिठाच्या पाण्याचा थेंब योनिमार्गात सोडून परत ओढून घेतला जातो आणि काचपट्टीवर ठेवून पाहिला जातो. मादी पूर्वमदात असेल, तर गोल, टपोऱ्या, मध्यभागी ठळक केंद्रक असलेल्या पेशींचे पुंजके दिसतात. मदात त्यांची जागा केंद्रक नसलेल्या, कडा वेड्यावाकड्या झालेल्या, वाळक्या पापुद्र्यांसारख्या पेशी घेतात. या पेशी नखातील केराटिन या कठीण प्रथिनाने भरलेल्या असतात. उत्तरमदात या पापुद्र्यांमध्ये लहान-लहान पांढऱ्या रक्तपेशी शिरू लागतात आणि मदांतरात जिकडेतिकडे त्यांचीच गर्दी असते. चार-पाच दिवस रोज सकाळी एक काचपट्टी पाहिली, की एका जिवंत प्राण्याच्या अंडाशयात काय चालले आहे, याची रोजनिशीच हाती येते. पुढे पापानिकोलाऊ यांनी स्त्रियांच्या तपासणीत हीच पद्धत वापरली आणि त्यातून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे लवकर निदान करणारी ‘पॅप’ चाचणी जन्माला आली.

पेशींचे हे रूप कोण बदलते, याचे उत्तर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी १९२३ मध्ये दिले. अंडाशयात प्रत्येक अंडाभोवती पेशींची एक पिशवी असते, तिला पुटक म्हणतात आणि पिकत आलेल्या पुटकात द्रव साठतो. डुकरिणींच्या पुटकांतील हा द्रव त्यांनी अंडाशये काढलेल्या माद्यांना टोचला, तेव्हा माजाची सारी लक्षणे परतली आणि काचपट्टीवर ते पापुद्रे पुन्हा दिसू लागले. पुटकातील हे द्रव्य म्हणजेच इस्ट्रोजेन. त्याचा एक प्रकार, इस्ट्रोन, १९२९ मध्ये शुद्ध रूपात मिळाला, तर पीतपिंडातील प्रोजेस्टेरॉन १९३४ मध्ये वेगळे करण्यात आले.

पूर्वमदाची दुपार

चक्राच्या चारही दिवसांत पूर्वमदाचा दिवस सर्वांत घडामोडींचा असतो. त्याची तयारी आधीच्या दोन दिवसांत झालेली असते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके सोडते. त्यांना एफएसएच आणि एलएच या लघुनामांनी ओळखतात. एफएसएच पुटकांना वाढवते आणि एलएच त्यांच्या बाहेरच्या थराला इस्ट्रोजेनचा कच्चा माल पुरवायला लावते. हा कच्चा माल नरसंप्रेरकांच्या जातीचा असतो आणि पुटकाच्या आतल्या थरातील पेशी अरोमाटेज या विकराच्या साहाय्याने त्याचे इस्ट्राडायॉलमध्ये, म्हणजे सर्वांत प्रभावी नैसर्गिक इस्ट्रोजेनमध्ये, रूपांतर करतात. पुटके जशी वाढतात, तसे रक्तातील इस्ट्राडायॉल वाढते आणि पूर्वमदाच्या दुपारच्या सुमारास ते कळसाला पोहोचते. तेव्हाही त्याचे प्रमाण एका मिलिलिटर रक्तात काही दशक पिकोग्रॅमच असते. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा द्रव्याने पुढचे सारे घडते.

चक्रातील बहुतेक काळ इस्ट्राडायॉल मेंदूला आवर घालते : त्याचे प्रमाण थोडे वाढले, की पीयूषिका ग्रंथीचा स्राव घटतो आणि चूल मंद करावी तशी पुटकांची वाढ ताब्यात राहते. पूर्वमदात मात्र ते बराच वेळ चढ्या पातळीवर राहते, तेव्हा त्याचा परिणाम उलटतो आणि आवर घालणारे हेच संप्रेरक आता चेतावणी देऊ लागते. त्याच दिवशी दुपारनंतर पीयूषिका ग्रंथीतून एलएचचा लोंढा सुटतो, सायंकाळच्या सुमारास तो शिगेला पोहोचतो आणि त्यानंतर दहा-बारा तासांनी, मध्यरात्र उलटल्यावर, पुटके फुटून अंडी बाहेर पडतात. या घटनेला अंडमोचन म्हणतात. उंदराच्या मादीत एका वेळी साधारण डझनभर अंडी बाहेर येतात.

दुपारचीच वेळ का, हा प्रश्न जॉन एव्हरेट आणि चार्ल्स सॉयर यांनी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सोडवला. त्यांच्याकडील उंदरांच्या खोलीत पहाटे पाचला दिवे लागत आणि सायंकाळी सातला मालवत. त्यांनी पूर्वमदातील माद्यांना बार्बिट्युरेट गटातील गुंगीचे औषध वेगवेगळ्या वेळी दिले. दुपारी दोनच्या आधी औषध दिलेल्या माद्यांचे त्या रात्रीचे अंडमोचन रोखले गेले. चारनंतर दिलेल्यांवर काहीच परिणाम झाला नाही. अधिक विलक्षण गोष्ट अशी, की रोखलेले अंडमोचन गुंगी उतरताच झाले नाही. ते बरोबर २४ तासांनी, दुसऱ्या रात्रीच्या त्याच वेळी झाले. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने सिद्ध केले, की मेंदूत रोज दुपारी एक दार काही वेळ उघडते आणि इस्ट्राडायॉलचा निरोप त्या वेळी हजर असेल, तरच लोंढा सुटतो. हे दार दिवस-रात्रीच्या तालावर चालणाऱ्या मेंदूतील जैविक घड्याळाशी बांधलेले असते. उंदरांना सतत उजेडात ठेवले, तर कालांतराने अंडमोचनच थांबते आणि माद्या कायम मदासारख्या अवस्थेत अडकून पडतात.

या दाराची यंत्रणा हळूहळू उलगडली. मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीच्या लगेच वर, हायपोथॅलॅमस हा छोटा भाग असतो. त्यातून येणारे जीएनआरएच हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीला एलएच सोडायला लावते. त्याची रचना १९७१ मध्ये उलगडली आणि मेंदूतील अशा संप्रेरकांच्या शोधाबद्दल रोजर गिलमाँ आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा वाटा रोझलिन यॅलो यांना मिळाला. रक्तातील संप्रेरके पिकोग्रॅमच्या पातळीवर मोजण्याची त्यांची पद्धत नसती, तर उंदराच्या थेंबभर रक्तातील हे चढउतार दिसलेच नसते. तरीही एक कोडे उरले होते. जीएनआरएच तयार करणाऱ्या चेतापेशींमध्ये इस्ट्राडायॉल ओळखणारा मुख्य ग्राहक, म्हणजे संप्रेरक पकडणारे प्रथिन, आढळत नव्हता. मग त्यांना निरोप कोण वाचून दाखवत होते? २००३ मध्ये किस्पेप्टिन या छोट्या प्रथिनाचे प्रजननातील महत्त्व उघड झाल्यावर उत्तर मिळाले. किस्पेप्टिन तयार करणाऱ्या पेशी इस्ट्राडायॉल ओळखतात आणि जीएनआरएचच्या पेशींना चेतवतात. उंदरांमध्ये यांचे दोन गट आहेत : एका गटाला इस्ट्राडायॉल दाबते, तर दुसऱ्याला चेतवते. आवर आणि चेतावणी ही एकाच संप्रेरकाची दोन परस्परविरोधी कामे कशी शक्य होतात, याचा मोठा भाग या दोन गटांनी उलगडून दाखवला.

लोंढा सुटताच पुटकांतून प्रोजेस्टेरॉनही वाढते. इस्ट्राडायॉलने आधीच तयार केलेल्या मेंदूवर ते काम करते आणि त्या रात्री मादी पाठ खोलगट करून नराला प्रतिसाद देते. म्हणजे अंडी बाहेर येण्याची रात्र आणि समागमाची रात्र एकच ठरते, आणि ती जुळवणारी संप्रेरके अंडाशयाची असतात. दुसऱ्या पहाटे एफएसएचची आणखी एक लाट येते, पुढच्या पुटकांची निवड होते आणि नवे चक्र सुरू होते.

पीतपिंडाचा काटकसरी हिशेब

उंदराचे चक्र इतके आखूड असण्याचे कारण पीतपिंडात आहे. गाईमध्ये किंवा स्त्रीमध्ये अंडमोचनानंतर पीतपिंड गर्भ राहिला की नाही याची वाट न पाहता सुमारे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन स्रवत राहतो. उंदीर, छोटा उंदीर आणि हॅमस्टर यांचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. एवढी प्रतीक्षा त्यांना परवडणारी नाही. त्यांच्यात पीतपिंड तयार होतो, पण समागम झाला नाही, तर तो फार काळ काम करत नाही आणि पुढची पुटके लगेच वाढू लागतात. समागम झाला, तर गर्भाशयमुखाला झालेला स्पर्श मज्जातंतूंमार्फत मेंदूत पोहोचतो, पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दिवसातून दोनदा उसळू लागते आणि पीतपिंड कामाला लागतो. नर वंध्य असला तरीही हे घडते. मग उंदराच्या मादीचे चक्र बारा ते चौदा दिवस थांबते आणि या अवस्थेला आभासी गर्भावस्था म्हणतात. गर्भ राहिला, तर २१ ते २३ दिवसांत पिल्ले जन्मतात आणि प्रसूतीनंतर दिवसभराच्या आत मादी पुन्हा माजावर येते. घरात आणि गोदामात उंदरांची संख्या पाहता पाहता का वाढते, याचे एक कारण या हिशेबात आहे.

हीच संप्रेरके प्रत्येक प्राण्यात सारख्याच रीतीने वापरली जातात, असे मात्र नाही. गिनीपिगचा पीतपिंड आपोआप कार्यरत होतो, म्हणून त्याचे चक्र सोळा-सतरा दिवसांचे असते. सशाच्या मादीत अंडमोचन समागमावाचून सहसा होतच नाही आणि समागमानंतर साधारण दहा-बारा तासांनी होते; घड्याळाचे काम इथे नराचा सहवास करतो. महाराष्ट्रातील घरोघरी परिचित असलेली चिचुंद्री, जी उंदरासारखी दिसली तरी उंदराच्या कुळातली नाही, तिच्यातही अंडमोचन समागमानेच घडते आणि नेहमीचे मदचक्र आढळत नाही. गर्भ गर्भाशयाच्या भिंतीत रुजण्याबाबतही असाच भेद आहे : हॅमस्टर आणि गिनीपिग यांना त्यासाठी प्रोजेस्टेरॉन पुरते, तर उंदीर आणि छोटा उंदीर यांना त्याच्या जोडीला अंडाशयाचे थोडे इस्ट्रोजेनही लागते. पिल्ले अंगावर पीत असताना उंदराच्या अंडाशयाकडून हे इस्ट्रोजेन मिळत नाही, तेव्हा नवा गर्भ न रुजता गर्भाशयात थांबून राहतो आणि इस्ट्रोजेनची खूण मिळताच रुजतो. आधीच्या पिल्लांचे पोट भरत असताना पुढच्यांना थोपवून धरणारी ही व्यवस्था संप्रेरकांच्या नेमकेपणाचा सुंदर नमुना आहे.

भोवतालच्या गंधाचेही या संवादात स्थान आहे. नुसत्या माद्याच दाटीने ठेवल्या, तर छोट्या उंदरांची चक्रे मंदावतात किंवा थांबतात आणि नराच्या मूत्राचा गंध आला, की अनेक माद्या एकदमच तिसऱ्या रात्रीच्या सुमारास माजावर येतात, असे १९५० च्या दशकात आढळले. १९५९ मध्ये हिल्डा ब्रूस यांनी दाखवले, की नुकत्याच गाभण राहिलेल्या मादीला अनोळखी नराचा गंध मिळाला, तर तिचा गर्भ अनेकदा टिकत नाही. प्रोलॅक्टिनचा आधार सुटतो, पीतपिंड निष्क्रिय होतो आणि मादी पुन्हा चक्रात येते.

चक्राला अडथळा मानण्याची चूक

इतके बारकाईने समजलेले हे चक्र दीर्घकाळ माद्यांच्याच विरोधात वापरले गेले, ही खेदाची गोष्ट आहे. मादीची संप्रेरके दर चार दिवसांनी बदलतात, म्हणून तिच्यावरील प्रयोगांचे निष्कर्ष अस्थिर असणार, असे गृहीत धरून अनेक शाखांतील संशोधकांनी केवळ नर वापरले. मेंदूविज्ञानातील एकाच लिंगाच्या प्राण्यांवर झालेल्या अभ्यासांत नरांवरील अभ्यास माद्यांवरील अभ्यासांच्या साडेपाच पट होते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. पुढे २०१४ मध्ये छोट्या उंदरांवरील २९३ शोधनिबंधांची छाननी झाली, तेव्हा चक्राची अवस्था विचारात न घेताही माद्यांच्या मोजमापांत नरांहून अधिक चढउतार आढळले नाहीत. ज्या गृहीतकावर माद्यांना वगळले जात होते, ते मुळातच निराधार होते.

अशा वगळण्याची किंमत माणसांना मोजावी लागते. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचा अंश स्त्रियांच्या शरीरात अधिक वेळ राहतो, हे लक्षात घेऊन अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने स्त्रियांसाठीची शिफारस केलेली मात्रा निम्मी केली, ती २०१३ मध्ये. औषध त्याच्या वीस वर्षे आधीपासून विकले जात होते. २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनुदान मागणाऱ्या संशोधकांना प्राण्यांचे लिंग हा जैविक घटक म्हणून विचारात घेण्यास सांगितले आहे.

उंदराचे चक्र म्हणजे स्त्रीचे ऋतुचक्र नव्हे आणि पूर्वमदाच्या दुपारी उघडणारे ते दार स्त्रीच्या मेंदूत तशाच काटेकोरपणे उघडत नाही. एका प्राण्यातील तपशील दुसऱ्यावर जसाच्या तसा लादणे चुकीचे ठरेल. पण अंडाशय मेंदूशी बोलतो आणि त्याचे बोलणे साऱ्या शरीराला ऐकू जाते, हे दोघींनाही सारखेच लागू आहे. म्हणून यापुढे कोणत्याही नव्या औषधाची बातमी वाचताना वाचकांनी एक प्रश्न जरूर विचारावा : ज्या प्राण्यांवर ते प्रथम तपासले गेले, त्यांत माद्या होत्या का?